शिट्टी हाती दिली, रोजीचे काय?

मालेगावहून कापडाच्या गाठी घेऊन निघालेला टेम्पो मुंबई-आग्रा रस्त्याने दोन-अडीच तासांत नाशिकच्या वेशीवर येतो आणि द्वारका चौकापासून आमच्या पेढीपर्यंतच्या थोड्याशा अंतराला पुन्हा तासभर लावतो. जुन्या नाशकात धंदा करणाऱ्या कोणालाही हे नवीन नाही. मेन रोड, भद्रकाली, दूध बाजार येथले रस्ते टांग्याच्या काळातले आणि वाहने आजची. हमाल खोळंबतो, गुमास्ता खोळंबतो आणि खेड्यातून आलेले गिऱ्हाईक शेवटची एस.टी. चुकेल म्हणून निम्मी खरेदी टाकून निघून जाते.

गेल्या हंगामात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक तरुण उभा राहू लागला. अंगात चमकत्या पट्ट्यांचे जाकीट, गळ्यात शिट्टी. पेठ तालुक्यातला, बारावी झालेला. आम्ही पाणी दिले आणि विचारले, शिकवले किती दिवस? म्हणाला, "दोन दिवस, चाचा." पगार? "ठेकेदार देतो म्हणाला, दोन महिने झाले." तिसऱ्या महिन्यात तो दिसेनासा झाला. आठ दिवसांनी तेच जाकीट दुसऱ्या एका मुलाच्या अंगात दिसले.

ग्रामीण भागातल्या बेकार तरुणांना सरकारने वाहतूक वॉर्डनचे प्रशिक्षण द्यावे, या विचाराला आमचा विरोध नाही, उलट पाठिंबाच आहे. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरकडचा मुलगा पावसाळ्यात शेतावर आणि नंतर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरी करतो. त्याला शहरात इज्जतीचे काम मिळत असेल तर चांगलेच आहे. आमचा प्रश्न एवढाच आहे की प्रशिक्षण संपल्यावर त्याचे काय?

हा प्रश्न आम्ही उगीच विचारत नाही. १९७९ साली केंद्र सरकारने ग्रामीण तरुणांना स्वयंरोजगारासाठी हुन्नर शिकवणारी 'ट्रायसेम' योजना काढली. १९९९ मध्ये ती दुसऱ्या योजनेत विलीन झाली. त्या वर्षांत शिवणकाम शिकलेले किती तरी तरुण आमच्या दुकानांच्या पायऱ्या चढले. हातात प्रमाणपत्र असायचे, पण मशीन नसायचे, मशीन असले तर काम नसायचे. आमच्या कारागीर बंधूंना हे चांगले आठवत असेल.

आताचे उदाहरण घ्या. २०२४ मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली. १८ ते ३५ वयाच्या तरुणांना कार्यालयांत व कारखान्यांत प्रत्यक्ष काम शिकवायचे आणि त्या काळात विद्यावेतन द्यायचे, बारावी झालेल्यास महिना ६,००० रुपये, आय.टी.आय. किंवा पदविकाधारकास ८,००० आणि पदवीधरास १०,०००. मुदत सहा महिन्यांची होती, पुढे ती वाढवावी लागली. मुदत संपत आली तेव्हा याच तरुणांनी कायम करा म्हणून मोर्चे काढले. यात त्यांचा दोष आम्हांला दिसत नाही. महिना ६,००० म्हणजे दिवसाचे २०० रुपये. त्यातून खोलीचे भाडे आणि दोन वेळचे जेवण वजा केले तर घरी काय पाठवणार? उद्या वॉर्डनचेही असेच होणार असेल तर आपण बेकारी फक्त सहा महिने पुढे ढकलली, एवढाच त्याचा हिशेब निघेल.

शिवाय हे काम दोन दिवसांत येणारे नाही. दंड करण्याचा, गाडीची चावी काढून घेण्याचा अधिकार वॉर्डनला नाही. तो पोलिसांचा मदतनीस आहे, हे त्याला आणि वाहनचालकाला दोघांनाही स्वच्छ माहीत असले पाहिजे. नाही तर एकीकडे शिवीगाळ सोसायची आणि दुसरीकडे चिरीमिरीची सवय लागायची. हाताचे इशारे, रुग्णवाहिकेला वाट काढून देणे, जखमीला उचलण्याची रीत, हे सगळे शिकवायला हवे. अपघातग्रस्ताला नेकनीयतीने मदत करणाऱ्याला २०१९ च्या मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीने संरक्षण दिले आहे. ही गोष्ट किती जणांना ठाऊक आहे?

नाशिकला तर याची गरज अधिक. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थात अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी होऊन अनेक भाविकांचे प्राण गेले, ते हे शहर विसरलेले नाही. २०२७ च्या सिंहस्थासाठी माणसे उभी करायची तर ऐन वेळी जाकिटे वाटून भागणार नाही. आणि पर्व आटोपले की त्या मुलांना घरी पाठवणेही बरोबर नाही, कारण द्वारका चौकातली कोंडी बारा महिन्यांची आहे.

मग मार्ग काय? तो आपल्याच बाजारात आहे. १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला, त्यात कापड बाजारातले हमालही आले. मालकाने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळाकडे भरायची आणि मंडळाने हमालाला पगार, भविष्य निर्वाह निधी, रजा यांचा हक्क द्यायचा. लेव्हीच्या नावाने आपण व्यापाऱ्यांनी कुरकुर केली, आम्हीही केली. पण त्या कायद्याने हमालाला ओळख दिली, हे नाकारता येणार नाही. पुढे १९८१ मध्ये खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी याच धर्तीवर कायदा झाला आणि मंडळे आली. प्रशिक्षित वॉर्डनांची अशीच नोंद व्हावी. महापालिकेला हवा असो, पुलाचे काम करणाऱ्या कंपनीला हवा असो की एखाद्या बाजारपेठेला, ज्याला वॉर्डन हवा त्याने मंडळात पैसे भरावेत आणि पगार महिन्याच्या महिन्याला मुलाच्या खात्यात जावा. मधला ठेकेदार नको.

आता थोडे आपल्याबद्दल. वॉर्डनचा पहिला तंटा होतो तो आपल्याशीच. माल उतरवायला भर दुपारी टेम्पो आडवा लावणारे आपण, पायरीपुढे चार फूट माल मांडणारे आपण आणि स्वतःची स्कूटर रस्त्यात उभी करणारेही आपणच. या यादीत आमचेही नाव आहे. गल्लीगल्लीच्या व्यापाऱ्यांनी बसून माल उतरवण्याची वेळ सकाळी नऊच्या आत ठरवली तर निम्मे काम वॉर्डनशिवायच होईल. उरलेल्या कामासाठी लेव्हीचा आपला वाटा भरायला आपण तयार असले पाहिजे. खोळंबलेल्या टेम्पोचे भाडे आपण आजही भरतोच.

आणखी एक गोष्ट. अशी भरती निघते तेव्हा आपल्या घरातली मुले अर्जच करत नाहीत. उर्दू शाळेत शिकलेल्या मुलाला मराठी अर्जाचा संकोच वाटतो. आम्हीही उर्दू माध्यमातलेच. मराठी कागद वाचायला गल्ल्यावर बसून, चुका करत शिकलो. भद्रकालीत उर्दू-हिंदी आणि मराठी दोन्हीकडे नीट बोलू शकणारा वॉर्डन दोन शिपायांचे काम करील. तेव्हा बंधूंनो, मुलांना अर्ज भरून द्यायला संध्याकाळचा अर्धा तास काढा.

तो पेठचा मुलगा कुठे गेला, आम्हांला माहीत नाही. तो काम टाळणारा नव्हता, भर उन्हात आठ तास उभा राहत होता. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, हे आपल्याला लहानपणापासून शिकवले गेले आहे. सरकारला तेच सांगावे आणि आपणही तेच पाळावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.