सारख्या दिसणाऱ्या दोन पाली

इजिप्तच्या वाळवंटात स्टेनोडॅक्टिलस या प्रजातीतील दोन निशाचर पाली आढळतात. एकीचे शास्त्रीय वर्णन १८२३ साली झाले, तर 'पेट्री' या दुसरीचे १८९६ साली. दोन्ही वाळूच्याच रंगाच्या; नवख्याला त्या एकच वाटाव्यात. अशा वेळी रूपाबरोबर रसायनाचीही साक्ष काढावी लागते.

शरीरातील प्रथिने जेलमध्ये ठेवून विद्युतप्रवाह सोडला, की प्रत्येक प्रथिन आपला विद्युतभार व आकार यांनुसार कमी-अधिक अंतर सरकते. एकच कार्य करणारे विकर दोन पालींत निरनिराळ्या ठिकाणी थांबले, तर त्याच्या घडणीत फरक असल्याचे सूचित होते. मात्र एका विकरावरून निवाडा होत नाही. अनेक विकरे ताडून पाहावी लागतात. या तंत्राचा पाया घालणारे आर्ने टिसेलियस १९४८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे मानकरी ठरले.

ही केवळ नावांची उठाठेव नव्हे. दोन जाती एकाच खात्यात मांडल्या, तर त्यांपैकी एक संपत आली तरी खात्यातील शिल्लक भरलेलीच दिसते आणि तूट कोणाच्याही ध्यानी येत नाही.