विश्लेषण : ‘थ्री’ नव्हे ‘ट्री’, ‘नाईन’ नव्हे ‘नायनर’! बिरसीच्या आकाशातली इंग्रजी वेगळी का?

‘स्नॅक्स’ मागवले आणि समोरच्याला ‘स्नेक्स’ म्हणजे साप ऐकू आले, हा विनोद प्रत्येक कॉलेजच्या कँटीनमध्ये कधी ना कधी झालेला असतो. इंग्रजी एकच, पण तिचे उच्चार आणि अर्थ देशागणिक, राज्यागणिक बदलतात. त्यातून बहुतेक वेळा हशाच पिकतो. गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर मात्र याच गोंधळाकडे सुरक्षेचा प्रश्न म्हणून पाहिले जाते. इथे वैमानिक होण्यासाठी येणाऱ्या तरुणांना इंग्रजीचे काही साधे आकडे शाळेत शिकवलेल्या उच्चारांपेक्षा वेगळे उच्चारायला शिकावे लागतात. असे का? हा नियम कुठून आला? आणि ‘चांगली इंग्रजी’ म्हणजे नेमके काय?

बिरसीचा यात संबंध काय?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी बांधलेली बिरसीची धावपट्टी आज वैमानिक प्रशिक्षणासाठी ओळखली जाते. कॅनडातील ‘सीएई’ ही कंपनी आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांची संयुक्त ‘नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूट’ येथे आहे. मार्च २०२२ पासून येथून नियमित प्रवासी विमानसेवाही सुरू झाली. प्रशिक्षणासाठी देशाच्या वेगवेगळ्या राज्यांतून मुले-मुली येतात. म्हणजे कुणाची मातृभाषा तमिळ, कुणाची बंगाली, कुणाची पंजाबी, कुणाची मराठी. नियंत्रण कक्षाशी बोलताना मात्र सगळ्यांची भाषा एकच, इंग्रजी.

भाषांची सरमिसळ गोंदियाला नवीन नाही. एका बाजूला मध्य प्रदेशातील बालाघाट, दुसऱ्या बाजूला छत्तीसगड. बाजारात मराठी, हिंदी, झाडीबोली, पोवारी, गोंडी अशा भाषा कानावर पडतात. पुण्याचे ‘पाणी’ इथे ‘पानी’ होते आणि कुणाचे काही अडत नाही. कारण समोर माणूस असतो, ग्लास असतो, हातवारे असतात. विमानात यातले काहीच नसते. असतो तो फक्त कानातला खरखरता आवाज.

उच्चारांचा गोंधळ नेमका कुठे होतो?

आपण परकी भाषा बोलतो तेव्हा तिचे आवाज मातृभाषेच्या साच्यात बसवतो. इंग्रजीतला ‘थ्री’मधला आवाज जीभ दातांना लावून हवा सोडत काढतात. तो मराठीत नाही, म्हणून आपण सरळ आपला ‘थ’ वापरतो. इंग्रजीतला ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ हे दोन वेगळे आवाज आपल्या कानाला जवळजवळ सारखेच वाटतात. त्यामुळे ‘वेस्ट’ म्हणजे पश्चिम आणि ‘व्हेस्ट’ म्हणजे बनियान हा फरक बोलण्यात पुसला जातो. बंगाली माणसाचे ‘व्हेरी’ अनेकदा ‘भेरी’ होते. दक्षिणेत ‘एम’ हे अक्षर ‘यम’सारखे, तर ‘एच’ हे ‘हेच’सारखे ऐकू येते. एक मात्र आपल्या बाजूचे आहे. इंग्रजीतल्या आवाजांसाठी मराठीने ‘ॲ’ आणि ‘ऑ’ अशी चिन्हे स्वीकारली. म्हणून ‘स्नॅक्स’ आणि ‘स्नेक्स’ हा फरक मराठीत निदान लिहिताना तरी स्पष्ट दिसतो.

यात कुणाचीच इंग्रजी ‘चूक’ नाही. इंग्रज माणसाने ‘ळ’ उच्चारून पाहिला, तर त्याचीही हीच गत होते.

शब्द तोच, अर्थ मात्र वेगळा?

उच्चार बरोबर असूनही घोटाळा होऊ शकतो. भारतात ‘आय पास्ड आउट इन २०२०’ म्हणजे २०२० मध्ये पदवी मिळाली. अमेरिकी माणसाला मात्र वाटेल, हा तेव्हा चक्कर येऊन पडला होता. आपल्या वर्गात ‘आय हॅव अ डाउट’ म्हणजे मला एक प्रश्न विचारायचा आहे. परदेशी प्राध्यापकाला त्यातून ‘माझा तुमच्यावर विश्वास नाही’ असा सूर लागू शकतो. बैठक अलीकडे घेणे म्हणजे ‘प्रीपोन’ हा आपला सोयीचा शब्द अनेक परदेशी सहकाऱ्यांनी ऐकलेलाच नसतो.

‘आउट ऑफ स्टेशन’ हे तर खास उदाहरण. यातले ‘स्टेशन’ रेल्वेचे नाही. ब्रिटिश काळात अधिकाऱ्याची नेमणूक असलेल्या ठाण्याला ‘स्टेशन’ म्हणत. ठाणी गेली, शब्द राहिला. हावडा-मुंबई मार्गावरचे जंक्शन असलेल्या गोंदियात ‘साहेब आउट ऑफ स्टेशन आहेत’ असे परदेशी पाहुण्याला सांगितले, तर तो फलाटाबाहेर साहेबांना शोधायला निघाला तरी नवल नाही.

इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचेही असे होते का?

होते, आणि चांगलेच होते. एखादा प्रस्ताव ‘टेबल’ करणे म्हणजे ब्रिटिशांच्या लेखी तो लगेच चर्चेला घेणे. अमेरिकनांच्या लेखी त्याचा अर्थ नेमका उलटा, म्हणजे तो बाजूला ठेवणे. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांमध्ये याच शब्दावरून मोठा वाद झाला. दोघांनाही तोच प्रस्ताव तातडीने चर्चेला हवा होता! विन्स्टन चर्चिल यांनी आपल्या आठवणींत हा प्रसंग नोंदवला आहे.

कोरियन युद्धातला, एप्रिल १९५१ मधला किस्सा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. इमजिन नदीकाठी ब्रिटिश तुकडी चिनी सैन्याने वेढली होती. ब्रिटिश ब्रिगेडिअरने अमेरिकी वरिष्ठांना परिस्थिती ‘अ बिट स्टिकी’ म्हणजे जरा अवघड आहे, असे कळवल्याचे सांगितले जाते. ब्रिटिश शिष्टाचारात त्याचा अर्थ ‘फार वाईट अवस्था आहे’ असा होता. अमेरिकी कानांना ते ‘निभावून नेऊ’ असे वाटले. त्या लढाईत ग्लॉस्टरशायर रेजिमेंटच्या तुकडीतले बहुतेक सैनिक मारले गेले किंवा कैद झाले.

हा गोंधळ विमानांच्या जिवावर कधी बेतला?

२७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरिफ बेटावर दाट धुक्यात केएलएम आणि पॅन ॲम या कंपन्यांची दोन जम्बो विमाने धावपट्टीवरच धडकली. ५८३ जणांचा मृत्यू झाला. डच वैमानिकाकडून ‘वी आर नाऊ ॲट टेकऑफ’ अशा अर्थाचा संदेश गेला. त्याला म्हणायचे होते, आम्ही उड्डाणासाठी धावू लागलो आहोत. स्पॅनिश नियंत्रकाला वाटले, विमान उड्डाणाच्या जागेवर उभे आहे. त्याने आधी ‘ओके’ म्हटले, मग थांबायला सांगितले. पण त्याच क्षणी दुसऱ्या विमानानेही संदेश पाठवला आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये पुढचे शब्द धड ऐकूच आले नाहीत.

१९ फेब्रुवारी १९८९ रोजी क्वालालंपूरजवळ एका मालवाहू जम्बो विमानाला ‘डिसेंड टू फोर झिरो झिरो’ अशी सूचना मिळाली. यातला ‘टू’ हा २ हा आकडा होता. म्हणजे २,४०० फुटांपर्यंत खाली या. वैमानिकांना तो ‘पर्यंत’ या अर्थाचा ‘टू’ वाटला आणि ते ४०० फुटांच्या दिशेने उतरू लागले. विमान टेकडीवर आदळले, चौघेही कर्मचारी दगावले. २५ जानेवारी १९९० रोजी न्यूयॉर्कजवळ कोलंबियाच्या विमानाचे इंधन संपले आणि ७३ जण मृत्युमुखी पडले. कर्मचाऱ्यांनी इंधन संपत आल्याचे सांगितले, ‘प्रायोरिटी’ मागितली. पण ‘इमर्जन्सी’ हा शब्द उच्चारला नाही.

भारतासाठी सर्वात कटू धडा १२ नोव्हेंबर १९९६ चा. हरियाणातील चरखी दादरीवर सौदी आणि कझाकस्तानची विमाने हवेत धडकून ३४९ जणांचा मृत्यू झाला. कझाक विमानाला १५ हजार फुटांवर राहायला सांगितले होते, ते त्याखाली उतरले. न्यायमूर्ती आर. सी. लाहोटी यांच्या चौकशीत कझाक कर्मचाऱ्यांचे अपुरे इंग्रजी हा मुद्दाही पुढे आला.

मग उपाय काय काढला गेला?

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना अर्थात ‘आयकाओ’ने सर्वांना ब्रिटिश किंवा अमेरिकी उच्चार शिकवण्याचा नाद केला नाही. उलट इंग्रजीच सोपी केली. ‘थ’चा तो आवाज अनेक भाषांत नाही, म्हणून तीनला ‘ट्री’ आणि हजारला ‘टाउझंड’. ‘फाइव्ह’ आणि ‘नाईन’ खरखरीत सारखेच ऐकू येतात, म्हणून पाचला ‘फाईफ’ आणि नऊला ‘नायनर’.

अक्षरांसाठी १ मार्च १९५६ पासून ‘अल्फा, ब्राव्हो, चार्ली’ ही मालिका लागू झाली. त्यात ‘अल्फा’चे स्पेलिंग ‘पीएच’ऐवजी ‘एफ’ने केले जाते, कारण ‘पीएच’चा उच्चार ‘फ’ होतो हे सर्वांनाच ठाऊक असते असे नाही. ‘ज्युलिएट’च्या शेवटी दोन ‘टी’ आहेत, कारण फ्रेंच माणूस शेवटचा एकटा ‘टी’ गिळून टाकू शकतो. मराठीत आपण ‘व्हिक्टर’ आणि ‘व्हिस्की’ दोन्ही ‘व्ह’नेच लिहितो. तरी बिघडत नाही, कारण पुढचा अख्खा शब्द वेगळा आहे.

तेनेरिफनंतर ‘टेकऑफ’ हा शब्द फक्त उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करताना वापरायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचे, असा दंडक आला. शिवाय ‘रीडबॅक’ सक्तीचा झाला. म्हणजे महत्त्वाची सूचना मिळाली की वैमानिकाने ती परत म्हणून दाखवायची आणि नियंत्रकाने ती तपासायची. सिनेमात ऐकू येणारे ‘रॉजर’ म्हणजे ‘हो’ नव्हे. ‘तुमचा संदेश पूर्ण मिळाला’ एवढाच त्याचा अर्थ. आणि ‘ओव्हर अँड आउट’ हे तर परस्परविरोधी आहे. ‘ओव्हर’ म्हणजे आता तुम्ही बोला, ‘आउट’ म्हणजे बोलणे संपले.

रेडिओवरच जास्त गोंधळ का होतो?

कारण तांत्रिक आहे. विमानाच्या रेडिओवर आवाजाचा साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झचा पट्टाच उपयोगात येतो. ‘स’, ‘फ’, ‘थ’ यांची ओळख पटवणारा बराच भाग त्याहून वरच्या कंपनांत असतो, तो कापला जातो. स्वर पोहोचतात, व्यंजने हरवतात. त्यातच ही यंत्रणा एका वेळी एकानेच बोलण्याची आहे. दोघे एकदम बोलले की शिट्टीसारखा कर्कश आवाज येतो आणि दोघांचेही शब्द वाया जातात. तेनेरिफला नेमके हेच झाले.

वैमानिकाला ‘साहेबी’ उच्चार लागतो का?

नाही. चरखी दादरीसारख्या अपघातांनंतर १९९८ मध्ये आयकाओच्या महासभेने भाषेचा प्रश्न हाती घेतला. २००३ मध्ये निकष ठरले आणि मार्च २००८ पासून ते लागू झाले. उच्चार, वाक्यरचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि संवाद या सहा अंगांनी परीक्षा होते. सहा पातळ्यांपैकी आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी किमान चौथी लागते. या पातळीवर मातृभाषेचा प्रभाव चालतो. त्यामुळे समजण्यात फक्त काही वेळाच अडथळा यावा, एवढीच अट आहे. चौथी पातळी मिळवणाऱ्याला दर तीन वर्षांनी पुन्हा परीक्षा द्यावी लागते. सहाही अंगांतला सर्वात कमी गुण हीच अंतिम पातळी मानली जाते. म्हणजे फाडफाड बोलणारा, पण समोरच्याचे न ऐकणारा उमेदवारही नापास होऊ शकतो.

भारतात वैमानिकाला रेडिओ वापरण्यासाठी ‘आरटीआर’ हा वेगळा परवाना लागतो. तो पूर्वी दूरसंचार विभागाच्या अखत्यारीत होता. १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या भारतीय वायुयान अधिनियमाने ही जबाबदारी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे सोपवली आहे.

एआय हा प्रश्न सोडवेल का?

कॉल सेंटरमध्ये तसा प्रयत्न सुरू झाला आहे. भारतीय कर्मचाऱ्यांचे उच्चार बोलता बोलता सौम्य करणारे ‘सानास’ कंपनीचे तंत्रज्ञान ‘टेलिपरफॉर्मन्स’ वापरत असल्याचे २०२५ मध्ये समोर आले. पण असे यंत्र फक्त आवाज बदलते. ‘पास आउट’ म्हणजे पदवी की चक्कर, हा प्रश्न तसाच राहतो. शिवाय त्यात जुळवून घेण्याची जबाबदारी एकट्या बोलणाऱ्यावर पडते. विमान वाहतुकीने ती दोघांवर टाकली. आयकाओचे मार्गदर्शन तर सांगते की, इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनीही सावकाश, म्हणी-वाक्प्रचार टाळून बोलावे.

सामान्यांना यातून काय घेता येईल?

फोनवर खाते क्रमांक किंवा पीएनआर सांगताना ‘डबल थ्री’, ‘ट्रिपल नाईन’ टाळून एकेक आकडा सुटा सांगावा आणि समोरच्याकडून परत म्हणवून घ्यावा. ‘बी’ की ‘डी’, ‘एम’ की ‘एन’ असा घोळ असेल तर ‘एम फॉर मुंबई, एन फॉर नागपूर’ म्हणावे. मुलाखतीत प्रश्न कळला नाही तर अंदाजाने उत्तर देण्यापेक्षा पुन्हा विचारावे. ‘आपली इंग्रजी गावठी वाटेल’ या भीतीने गोंदियासारख्या जिल्ह्यांतली अनेक मुले नेमके हेच टाळतात. विमानात मात्र ‘से अगेन’ म्हणजे ‘पुन्हा सांगा’ हा नियमातला अधिकृत शब्दप्रयोग आहे. न समजता ‘ओके’ म्हणणे, हीच तिथे मोठी चूक मानली जाते.