बार्सिलोनात राहायचं कुठे, आणि कुणाच्या घरात?

दिवाळी आटोपली की ओळखीपाळखीत युरोपचे बेत शिजायला लागतात. मे महिन्याची विमानं बघून झाली की मला हमखास फोन येतो, "अगं, बार्सिलोनात चार रात्री आहेत, फ्लॅट कुठल्या एरियात घेऊ?" मी ट्रॅव्हल एजंट नाही. दोनदा त्या शहरात राहून आलेय आणि तिथल्या घरांच्या प्रश्नाबद्दल जमेल तसं वाचत असते, इतकंच. तेव्हा एकदाच सविस्तर लिहून टाकते, म्हणजे पुढच्या फोनला लिंक पाठवता येईल.

एरियाबद्दल खाली भरपूर लिहिलंय. पण आधी त्या 'फ्लॅट'बद्दल बोलू. माझं मत सरळ आहे, फ्लॅट घेऊ नका. हॉटेल घ्या, हॉस्टाल घ्या, अपार्टहॉटेल घ्या. पण रहिवासी इमारतीतलं, कुणाचं तरी राहतं घर असू शकलं असतं असं घर चार रात्रींच्या मजेसाठी घेऊ नका.

जून २०२४ मध्ये बार्सिलोनाचे महापौर जाउमे कोल्बोनी यांनी जाहीर केलं की पर्यटकांना भाड्याने द्यायचा परवाना असलेले जे १०,१०१ फ्लॅट शहरात आहेत, त्यांचे परवाने पुढे चालू ठेवले जाणार नाहीत. नोव्हेंबर २०२८ पर्यंत हा प्रकार बंद. त्यांनीच दिलेला आकडा असा की दहा वर्षांत घरभाडी ६८ टक्क्यांनी वाढली. प्रकरण न्यायालयात गेलं. ज्या कॅटलान कायद्याच्या जोरावर हे चाललंय तो कायदा स्पेनच्या घटनात्मक न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये उचलून धरला. म्हणजे ही नुसती निवडणुकीची घोषणा नाही.

आपल्याकडे यातलं काय पोचलं? जुलै २०२४ चा तो व्हिडिओ. मोर्चातले लोक रेस्टॉरंटच्या बाहेर बसलेल्या पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारतायत, आणि खाली आपल्या लोकांची कॅप्शन, "पैसे आमचे पाहिजेत, आम्ही नकोत." पिचकारी मारणं मलाही पटलं नाही. वर्षभर पैसे साठवून आलेल्या माणसाला जेवताना भिजवून कुणाचंही भाडं कमी होत नाही. पण मोर्चा कशासाठी होता हे त्या पंधरा सेकंदांत नव्हतं. पर्यटन आटोक्यात आणा आणि आम्हाला आमच्याच शहरात राहता येऊ द्या, एवढंच लोक म्हणत होते.

बार्सेलोनेता नावाचा समुद्राला लागून असलेला भाग आहे. अठराव्या शतकात वसवलेली वस्ती, मासेमारांची आणि बंदरावर काम करणाऱ्यांची. पुढे घरांचे तुकडे पडत पडत तिथे 'पाव घर' हा प्रकारच तयार झाला. तिथले लोक खरंच तसं म्हणतात, घराचा चौथा हिस्सा. साधारण तीस चौरस मीटर, म्हणजे सव्वातीनशे चौरस फूट. गिरगावातल्या चाळीतली दोन खोल्यांची जागा डोळ्यांसमोर आणा, खिडकीतून वाळत घातलेल्या कपड्यांसकट. आता अशी जागा समुद्रापासून पाच मिनिटांवर असेल आणि भाडेकरू महिनाभर राहून जे देतो ते पर्यटक आठ-दहा दिवसांत देऊन जात असेल, तर मालक कुणाला ठेवेल? ऑगस्ट २०१४ मध्ये इथले रहिवासी पर्यटकांच्या फ्लॅट्सविरुद्ध रस्त्यावर उतरले, तेव्हा निमित्त होतं दिवसाढवळ्या नागडे फिरणारे काही पर्यटक. राग त्याच्या आधीपासून साचलेला होता.

आणि हा राग आपल्याला कळू नये असं खरं तर काही नाही. आपल्या सोसायटीत समोरचा फ्लॅट कुणी रोजच्या भाड्याने द्यायला लागला तर काय होतं? दर शुक्रवारी नवी माणसं, रात्री एक वाजता लिफ्टपाशी बॅगांची चाकं, वॉचमनला "पाचशे दोन किधर है", कचरा कुठे टाकायचा ते माहीत नाही. पुढच्या जनरल बॉडीत पहिला विषय हाच. बॅचलर मुलांना भाड्याने घर द्यायला नाही म्हणणाऱ्या सोसायट्या आपल्याच. लोणावळ्याच्या बंगल्यांतल्या डीजेबद्दल तिथल्या स्थानिकांना विचारा, गोव्यात वर्षाच्या करारावर घर शोधणाऱ्या गोंयकाराला विचारा. पण तीच माणसं विमानात बसली की "आम्हाला लोकल लोकांसारखं राहायचंय" म्हणतात. ज्या इमारतीत निम्मे फ्लॅट पर्यटकांचे, तिथे लोकल कोण उरलंय?

आता स्वयंपाकघर. फ्लॅटच्या बाजूने आपल्या घरांत होणारा सगळ्यात जोरदार युक्तिवाद हाच, आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. बाबांना मधुमेह आहे, आई अंडंसुद्धा खात नाही, पोरगं तीन दिवसांत पावाला कंटाळतं. शिवाय चौघांना एका खोलीत तिथली हॉटेलं राहू देत नाहीत. दोन माणसांची खोली म्हणजे दोनच माणसं, "एक्स्ट्रा गादी टाका ना" तिथे चालत नाही. दोन खोल्यांचा हिशेब केला की फ्लॅट स्वस्त वाटतो.

याला उत्तर आहे अपार्टहॉटेल. खोलीत छोटा ओटा, दोन शेगड्या, फ्रिज, भांडी, आणि खाली रिसेप्शन. ही इमारत हॉटेल म्हणूनच चालते, हॉटेलाच्या परवान्यावर, आणि वर सांगितलेल्या १०,१०१ मध्ये ती मोजलेली नाही. चौघांसाठी दोन स्वतंत्र डबल रूमपेक्षा बहुधा स्वस्त पडतं. भात-पिठलं होतं. कुकर मात्र घरीच ठेवा, शिट्टी ऐकून शेजारी धावत येतील. सुपरमार्केटमध्ये शिजवलेले छोले काचेच्या बरणीत मिळतात. निथळून घेतले, वर कांदा, टोमॅटो, लिंबू आणि बरोबर नेलेला चाट मसाला, की रात्रीचं जेवण झालं. दही उत्तम. कोथिंबीर, मिरच्या, आटा हवा असेल तर रावाल भागात पाकिस्तानी आणि बांगलादेशी दुकानदारांच्या गल्ल्या आहेत, तिथे हिंदीत भावसुद्धा विचारता येतो.

दोघंच जाणार असाल तर 'हॉस्टाल' हा शब्द लक्षात ठेवा. आपले लोक तो हॉस्टेल समजून पुढे सरकतात. हॉस्टाल म्हणजे बंक बेडची डॉर्मिटरी नव्हे. ते छोटं, बरेचदा घरातल्याच माणसांनी चालवलेलं लॉज असतं. जुन्या इमारतीचा एखादा मजला, दहा-बारा खोल्या, स्वतःचं बाथरूम आहे की नाही ते बुकिंग करताना बघून घ्यायचं.

आता एरिया. गॉथिक क्वार्टर बघायला जा, तीनदा जा, पण राहू नका. गल्ल्या इतक्या अरुंद की बऱ्याच ठिकाणी टॅक्सी दारापर्यंत येत नाही, दगडी फरशीवर बॅगा ओढाव्या लागतात, आणि खालच्या बारचा आवाज रात्री दोनपर्यंत खिडकीत. ला रांब्लावर तर मुळीच नको. खिसेकापूंचं माहेरघर, आणि जेवण पाणचट नि महाग.

बहुतेकांना मी एशाम्पला सुचवते. जुन्या शहराच्या तटाबाहेर इल्देफोन्स सेर्दा या इंजिनिअरने १८५९ च्या आराखड्यात आखलेला भाग. सारखे चौकोनी ब्लॉक, साधारण ११३ मीटर बाजूचे, चारही कोपरे कापलेले, त्यामुळे प्रत्येक चौक मोकळा वाटतो. त्याच्या मूळ कल्पनेत ब्लॉकच्या दोनच बाजूंना इमारती आणि मध्ये सगळ्यांसाठी बाग होती. बिल्डरांनी चारही बाजू बांधून काढल्या आणि मधली जागाही भरली. एफएसआयची भूक तिथेही होतीच. आपल्या कामाची गोष्ट अशी की या इमारतींत काही खोल्या रस्त्याकडे तोंड करून असतात आणि काही आतल्या चौकाकडे. बुकिंग झाल्यावर एक मेल टाका, आतली खोली द्या. रस्त्यावर रात्रभर मोटारसायकली असतात, आत मात्र कुणाच्या तरी स्वयंपाकघरातल्या भांड्यांचा आवाज येतो, तेवढाच.

एशाम्पलातला सांत आंतोनी हा कोपरा माझा सगळ्यात आवडता. मध्यभागी एकोणिसाव्या शतकातली लोखंडी मंडई, नऊ वर्षांच्या दुरुस्तीनंतर २०१८ मध्ये पुन्हा उघडलेली. रविवारी सकाळी बाहेर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. मी जिथे राहिले तिथे लिफ्टमध्ये तीन भाषांत कागद चिकटवला होता, रात्री दहानंतर बॅगा ओढू नका, उचला. मी पहिल्यांदा वाचून हसले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच लिफ्टमध्ये भाजीची ट्रॉली घेऊन एक आजी भेटल्या. आधी माझ्या हातातल्या पिशवीत डोकावल्या. पिशवीत मंडईतल्या वांग्या-टोमॅटोंऐवजी नुसती पुस्तकं बघून मान हलवली आणि काहीतरी कॅटलानमध्ये बोलल्या. सूर आमच्या तळमजल्यावरच्या काकूंचा होता.

ग्रासिया हे १८९७ पर्यंत वेगळं गाव होतं, आजही तसंच वाटतं. बुटकी घरं, छोटे चौक, चौकात पोरं फुटबॉल खेळतायत. तरुण जोडप्यांना मस्त. मात्र चौकाला लागून खोली घेतलीत तर मध्यरात्रीपर्यंत गप्पा ऐकाव्या लागतील, आणि ऑगस्टच्या मध्याला तिथली जत्रा असते तेव्हा झोप विसरा. पोब्ले सेक मोन्त्जुइकच्या टेकडीच्या पायथ्याशी, खाण्यापिण्याला स्वस्त, मेट्रो हाताशी. आईवडील बरोबर असतील तर सांत्स स्टेशनच्या आसपास बघा. भाग दिसायला काही खास नाही, पण विमानतळाची लोकल आणि माद्रिदची जलद गाडी दोन्ही तिथूनच, बॅगा घेऊन भटकायला नको. ओस्पितालेतमधली प्रदर्शन केंद्राजवळची मोठी हॉटेलं स्वस्त दिसतात आणि मेट्रोही आहे, पण संध्याकाळी खाली उतरलात तर ऑफिसच्या इमारती आणि तुम्ही. मेट्रो रविवार ते गुरुवार रात्री बारापर्यंत, शुक्रवारी दोनपर्यंत आणि शनिवारी रात्रभर चालते. तिथे रात्रीचं जेवणच नऊनंतर सुरू होतं, तेव्हा दूर राहणाऱ्यांनी हे गणित आधी करावं.

मजल्यांबद्दल एक महत्त्वाचं, विशेषतः गुडघे दुखणाऱ्यांसाठी. जुन्या एशाम्पला इमारतींत तळमजल्यानंतर 'एन्त्रेसोल', मग 'प्रिन्सिपाल', आणि तिथून पुढे पहिला मजला सुरू होतो. म्हणजे कागदावरचा तिसरा मजला आपल्या हिशेबाने पाचवा निघू शकतो. लिफ्ट आहे का, आणि ती रस्त्यापासून सुरू होते की पाच-सात पायऱ्या चढून, हे विचारून घ्या.

यावर मला ऐकवलं जातं की फ्लॅट बंद केले की फायदा हॉटेलवाल्यांचाच. खरं आहे, काही प्रमाणात. फ्लॅटमालकांची संघटना म्हणते की परवाने काढले तर बेकायदा फ्लॅट वाढतील, त्यातही तथ्य असू शकतं. २०१७ मध्ये महापालिकेने मध्यवर्ती भागात नव्या हॉटेलांनाही दारं लावली, त्यामुळे खोल्यांचे दर चढे राहणार हेही धरून चला. याचा फटका आपल्यासारख्या रुपयात कमावणाऱ्याला बसेल, तिथल्या श्रीमंत पाहुण्याला नाही. माझा तोडगा एवढाच, चार रात्रींच्या तीन करा. चौथी रात्र झिरोनाला किंवा तारागोनाला काढा, रेल्वेने सहज जाता येतं.

आणि हे सगळं वाचूनही फ्लॅटच घेणार असाल तर जाहिरातीत 'एचयूटीबी' या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक बघा, महापालिकेच्या संकेतस्थळावर तपासा. क्रमांक नसेल तर विषय संपला.

पार्क ग्वेलजवळून ११६ नंबरची छोटी बस जाते. पर्यटकांची इतकी गर्दी व्हायला लागली की चढावर राहणाऱ्या म्हाताऱ्यांना बसमध्ये शिरता येईना. शेवटी २०२४ मध्ये महापालिकेच्या सांगण्यावरून ती बस गूगल मॅप्सवरून काढून टाकली गेली. बस अजून धावते, फक्त आपल्या मोबाइलला तो मार्ग दिसू नये अशी सोय केली. तुम्ही मेट्रोने लेसेप्स स्टेशनला उतरा आणि चढ चालत जा, पंधरा-वीस मिनिटं लागतील.

शेवटी व्हिसाचं. शेंगेन अर्जाला राहण्याचा पुरावा जोडावा लागतो, आणि त्या घाईत आपण मिळेल ते, रद्द करता येणारं, कुठलंही बुक करून टाकतो. मग व्हिसा आला की आळस करून तेच ठेवतो. रद्द करता येणारंच घ्या, पण पहिल्याच दिवशी नकाशा उघडून घ्या. आणि बदललंत तर जुनं बुकिंग त्याच दिवशी रद्द करा, मुदतीच्या आदल्या रात्री नको. त्या आतल्या बाजूच्या खोलीसाठी दुसरं कुणी ताटकळत असतं.