भुतांचा सातबारा

शिमग्याला मुंबईहून चाकरमानी उतरले की सावर्ड्यासारख्या महामार्गावरच्या गावाला चार दिवस जाग येते. पालखी नाचते, नमन रंगते, काळ्या वेषातला, उंच टोपीचा आणि पांढऱ्या दाढीचा संकासूर वाडीवाडीतून फिरतो आणि पोरे त्याला भीत भीत त्याच्याच मागून धावतात. रात्री तीच पोरे पडवीत एका मोबाईलभोवती डोकी जमवून भयपट पाहतात. वडीलधाऱ्यांना हा उनाडपणा वाटतो. परिवर्तनवादी कार्यकर्त्याला त्यात अंधश्रद्धेचा प्रसार दिसतो. दोन्ही निवाडे घाईचे आहेत. एखादा समाज कशाला भितो, हे त्या समाजाच्या इतिहासावर अवलंबून असते. आणि जो इतिहास पाठ्यपुस्तकात शिरत नाही, तो पुष्कळदा भुताच्या गोष्टीत दडून बसतो.

ही रीत जगभरची आहे. मेल्यावरही चालत राहणारे प्रेत, म्हणजे झॉम्बी, ही कल्पना आज हॉलिवुडची वाटते. प्रत्यक्षात ती आली कॅरिबियन समुद्रातील हैतीमधून, फ्रेंच मालकांच्या उसाच्या मळ्यांत राबलेल्या आफ्रिकी गुलामांच्या स्मृतीतून. गुलामाला मरण हीच एक सुटका होती. मेल्यावरही मालक आपल्याला मळ्यात जुंपील, ही त्याची सर्वांत मोठी धास्ती होती. 1915 ते 1934 अमेरिकी सैन्याने हैती ताब्यात ठेवली आणि याच काळात, 1932 साली, ‘व्हाइट झॉम्बी’ हा चित्रपट निघाला. त्यात ही प्रेते साखर कारखान्याचा घाणा मुकाट्याने फिरवताना दिसतात. जपानचा ‘गोजिरा’ 1954 चा. त्याच वर्षी 1 मार्च रोजी बिकिनी बेटावरील अमेरिकी हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली होती. टोकियो तुडविणारा तो राक्षस म्हणजे हिरोशिमा-नागासाकीची न बुजलेली जखमच होय. मार्क्सने 1867 साली ‘भांडवल’ या ग्रंथात भांडवलाला जिवंत श्रम शोषून जगणाऱ्या पिशाच्चाची उपमा दिली, ती केवळ भाषेच्या शोभेसाठी नव्हे.

कोकणच्या बाबतीत हे सत्य सर्वांत ठळकपणे दिसते ते राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ या हिंदी चित्रपटात. 12 ऑक्टोबर 2018 रोजी तो प्रदर्शित झाला तेव्हा बेताचाच चालला; सप्टेंबर 2024 मध्ये पुन्हा पडद्यावर आला तेव्हा मात्र प्रेक्षकांनी चित्रपटगृहे भरली. तुंबाड हे रत्नागिरी जिल्ह्यातलेच, खेड तालुक्यात जगबुडीच्या काठी वसलेले गाव; सावर्ड्याहून चिपळूण ओलांडले की पुढचाच तालुका. श्री. ना. पेंडसे यांच्या 1987 सालच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीने ते मराठी वाचकाच्या ओळखीचे केले. चित्रपटाची गोष्ट कादंबरीची नाही. घेतले ते केवळ गावाचे नाव. मात्र ते घेताना ‘खोत’ हा शब्द गळून पडला. या गळलेल्या शब्दातच चित्रपटाचे सारे मर्म आहे.

कथेचा गाभा एका कल्पित पुराणावर उभा आहे. समृद्धीच्या देवीचा पहिला पुत्र हस्तर याने सारे सोने बळकावले आणि तो धान्यावर झडप घालू लागताच इतर देवांनी त्याच्यावर हल्ला चढविला. देवीने त्याला आपल्या गर्भात लपवून वाचविले, पण त्याची पूजा कधी होणार नाही, या अटीवर. तेव्हापासून तो सोने कवटाळून युगानुयुगे उपाशी बसला आहे. तुंबाडच्या वाड्यात ‘सरकार’ म्हणविणारा म्हातारा जमीनदार त्याच खजिन्याच्या शोधात मरतो. त्याची सेवा करणाऱ्या बाईचा मुलगा विनायक मोठेपणी कणकेची बाहुली घेऊन त्या गर्भात उतरतो आणि हस्तर पिठावर तुटून पडला की त्याच्या लंगोटातून मोहरा पाडून पळतो.

ज्याच्यापाशी सोने आहे त्याला धान्याची भूक आहे: कोकणच्या खोतीचे याहून नेमके चित्र क्वचितच रंगविले गेले असेल. इंग्रजांच्या आधीपासून चालत आलेली आणि इंग्रजांनी 1880 च्या कायद्याने पक्की केलेली ही पद्धत म्हणजे गावाचा सारा वसूल करण्याचा वंशपरंपरागत मक्ता होता. खोत चित्पावन होते, मराठे होते, मुसलमानही होते. कुळे बहुतेक कुणबी, आगरी आणि महार होती. कुळाने भात पिकवायचे, त्यातला खंड खोताच्या कोठारात घालायचा, शिवाय वेठ म्हणून त्याच्या शेतात फुकट राबायचे. घरात उरले तर खायचे, न उरले तर त्याच खोताकडून किंवा सावकाराकडून उसने आणायचे. मेल्यावरही मालकाकडे राबणारा हैतीचा झॉम्बी आणि बापाचे कर्ज फेडीत खोताच्या शेतात वाकलेला कोकणचा कुणबी यांची जातकुळी वेगळी नाही.

चित्रपटाची तीन प्रकरणे 1918, 1933 आणि 1947 या सालांत घडतात. ही साले इतिहासाशेजारी ठेवून पाहावीत. ज्या 1933 साली पडद्यावरचा विनायक मोहरांसाठी गर्भात उतरतो, त्याच सालच्या 27 ऑक्टोबरला कुलाबा जिल्ह्यात अलिबागजवळ चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांच्या जमिनी न कसण्याचा निर्धार केला. 25 गावांतला तो संप 1939 पर्यंत टिकला. त्याआधी एप्रिल 1929 मध्ये चिपळूणच्या शेतकरी परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोतीविरुद्ध आवाज उठविला होता. 17 सप्टेंबर 1937 रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि 10 जानेवारी 1938 रोजी हजारो शेतकरी विधिमंडळावर चालून गेले. पडद्यावर 1947 मध्ये वाडा सरकारजमा होण्याची वेळ येते. प्रत्यक्षात खोती नाहीशी करणारा कायदा 1949 चा. म्हणजे हस्तरच्या गुहेबाहेर, त्याच कोकणच्या मातीवर, त्याच वर्षांत फार मोठे नाट्य घडत होते. चित्रपटात त्याचा मागमूस नाही.

चित्रपटाचे मोठेपण आणि त्याची मर्यादा या एकाच जागी भेटतात. वाड्याच्या समृद्धीखाली काहीतरी कुजलेले आहे, ते पिढ्यान्‌पिढ्या पोसले गेले आहे आणि बापाकडून मुलाकडे वारशाने येते, हे तो धीटपणे सांगतो. शेवटी मुलगा पांडुरंग सोने नाकारून शापित बापाला अग्नी देतो. वारसा नाकारण्याचा इतका स्पष्ट प्रसंग हिंदी पडद्यावर विरळाच. परंतु या कुजण्याचे कारण काय, असे विचारले की चित्रपट ‘लोभ’ एवढेच उत्तर देतो. बाहुलीसाठी पीठ लागले. त्यासाठी धान्य पिकविणारे हात मात्र पडद्यावर येत नाहीत. लोभ हा माणसाचा दुर्गुण ठरला की उपाय उपदेशाचा उरतो. ती व्यवस्था ठरली तर उपाय कायद्याचा, संघटनेचा आणि लढ्याचा होतो. सातबाऱ्याच्या भाषेत बोलायचे तर ‘तुंबाड’ने भुताचा गाव नमुना सात भरला, मालकाचे नाव लिहिले, पिकाची नोंद करणारा नमुना बारा कोरा सोडला. तो भरणे हे समाजवादी कार्यकर्त्याचे काम आहे.

येथे एक आक्षेप हमखास घेतला जाईल. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची 20 ऑगस्ट 2013 रोजी हत्या झाली; त्यांनी ज्या कायद्यासाठी आयुष्य वेचले तो त्याच वर्षी संमत झाला. गुप्तधनासाठी केले जाणारे अघोरी कृत्य त्या कायद्याने गुन्हा ठरविले आहे. अशा महाराष्ट्रात गुप्तधनाच्या आणि भुताच्या चित्रपटांचे कौतुक का करावे? आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर कसोटीने द्यावे लागेल. जो चित्रपट शेवटी मांत्रिकाच्या पायाशी नेऊन सोडतो, तो भीतीचा व्यापार करतो. जो भुताच्या जन्मामागचा माणसाचा अन्याय उघडा करतो, तो भीतीला जाब विचारतो. विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ हा 2017 चा मराठी चित्रपट दुसऱ्या प्रकारचा. उसाच्या फडात एका गर्भवतीभोवती फिरणारी ती भुते स्त्रीहत्येतून जन्मलेली आहेत. ज्या महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाविरुद्ध 1988 सालीच देशात पहिला कायदा केला, त्याच महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या 2001 च्या जनगणनेत 913 होती, ती 2011 मध्ये 894 वर घसरली. हे आकडे कोणत्याही हडळीहून भयंकर आहेत. ‘लपाछपी’ने त्यांना चेहरा दिला.

आजच्या कोकणातही भुताची घरे आहेत. ती झपाटलेली नाहीत, बंद आहेत. गिरणगावाने तीन-चार पिढ्या खेचून नेल्या आणि 18 जानेवारी 1982 च्या संपानंतर त्यांतल्या असंख्यांना वाऱ्यावर सोडले. गावच्या घराला मात्र कुलूपच राहिले. कुळकायद्याने जी जमीन कसणाऱ्याच्या नावावर केली, तिच्याभोवती आता दलाल घिरट्या घालतात. एप्रिल 2023 मध्ये राजापूर तालुक्यातील बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झाले, तेव्हा विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर अश्रुधूर सोडण्यात आला. सोन्याचे आमिष आणि धान्याच्या जमिनीची भूक, हा हस्तरचा जुनाच सौदा नव्या कागदावर लिहिला जात आहे.

म्हणून पडवीत भयपट पाहणाऱ्या पोरांना हटकू नये, त्यांच्याजवळ बसावे. सावर्ड्यात चित्र-शिल्प शिकविणारे महाविद्यालय आहे. उद्याचे पडद्यावरचे राक्षस घडविणारे हात तेथे तयार होत आहेत. शिमग्यात आणि गणपतीत, चाकरमानी गावी असताना, कार्यकर्त्यांनी असे चित्रपट जाहीरपणे दाखवावेत आणि नंतर गावातल्या वृद्धांना बोलते करावे: खंड किती द्यावा लागे, वेठीला कोण जाई, कुळाचे नाव कागदावर कधी चढले. मग तलाठ्याच्या दप्तरातले जुने फेरफार त्याच तरुणांकडून वाचून घ्यावेत. भूत कोणाच्या जमिनीवर उभे आहे, हे ज्या दिवशी त्यांना त्या कागदावर वाचता येईल, त्या दिवशी त्यांची भीती संपेल आणि प्रश्न सुरू होतील.