रील बघून काडतूस भरता येत नाही!

मंडळी, आज जरा स्पष्ट बोलतो. राग आला तर कमेंटमध्ये काढा.

परवा एका पोरानं अमेरिकेतलं रील दाखवलं. एक माणूस घरीच पुंगळीत लांब, टोकदार गोळी बसवतोय. पोरगं म्हणतं, "सर, आपल्याकडं हे सुरू झालं तर अजून स्वप्नील कुसाळे तयार होतील!"

पोराचा दोष नाही. दोष आम्हा पत्रकारांचा. 2024 ला पॅरिसमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नीलनं 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकलं. पेढे, मिरवणूक, बक्षिसाची रक्कम, सगळं छापलं आम्ही. रायफलीत काडतूस कोणतं, हे किती जणांनी लिहिलं? मीही नाही लिहिलं.

ते .22 चं रिमफायर. पेट घेणारा मसाला पुंगळीच्या काठातच असतो. एकदा उडालं की संपलं, पुन्हा भरायची सोय नाही. गोळीही आखूड, बोथट नाकाची. रीलमधली टोकदार गोळी लांब पल्ल्याच्या सेंटरफायर रायफलीची. कशाचा कशाला मेळ नाही.

बरं, ते कामही रीलइतकं सोपं नाही. टोकदार गोळ्यांची टोकं एकसारखी नसतात. दाबणारी दांडी टोकावर टेकली तर प्रत्येक गोळी वेगळ्या खोलीवर बसते, कधी तिरकीही. दाब टोकाच्या खालच्या गोलाईवर यायला हवा आणि मोजमापही तिथूनच घ्यायला हवं. रीलवाला मात्र टोकाला कॅलिपर लावून "परफेक्ट" म्हणतोय!

आणि ऐका, आपल्याकडं विनापरवाना काडतूस बनवणं हा आर्म्स ॲक्टखाली गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान 7 वर्षं, कमाल जन्मठेप. लाइकसाठी आयुष्य घालवणार?

.22 च्या नेमबाजाला खरी गरज वेगळीच असते. एकाच कंपनीच्या दोन लॉटमध्येही फरक पडतो. म्हणून मोठे नेमबाज आपल्याच रायफलीतून वेगवेगळे लॉट तपासतात, जो जुळेल तोच घेतात. तालुक्यातल्या पोराला ही निवड कोण देणार? त्याला सरावापुरती काडतुसं मिळाली तरी खूप!

पुढच्या मिरवणुकीत नेत्याशेजारी फोटो काढण्याआधी एवढंच विचारा: "साहेब, पोरांच्या काडतुसांचं काय?" मी विचारणार आहे. आणि उत्तर आलं नाही, तर तेही छापणार आहे.