सुटा भाग आणि नियमामागील हेतू

छोट्या प्रमाणित विमानाच्या मालकाला एक मोह नेहमीच पडतो. विमानातील एखादा स्विच मोटारीच्या दुकानातील स्विचसारखाच दिसतो, पण प्रमाणपत्रासह त्याची किंमत कितीतरी पट असते. मग दुकानातला बसवला तर बिघडले कुठे?

बिघडते ते हे की, त्या भागाचा इतिहास कोणालाच ठाऊक नसतो. तो कोणी घडवला, कोणत्या धातूचा, कोणी तपासला, हे केवळ पाहून कळत नाही. ८ सप्टेंबर १९८९ रोजी नॉर्वेच्या पार्टनेअर कंपनीचे विमान डेन्मार्कजवळ समुद्रात कोसळले आणि सर्व ५५ जण दगावले. शेपटीचा उभा पंख धरून ठेवणाऱ्या जोडणीत बनावट, कमकुवत बोल्ट निघाले. ते विमान मोठे होते. परंतु बोल्टचा धर्म लहान विमानातही तोच.

तथापि सर्व भागांना एकच काटेकोरपणा लावणे म्हणजे सुरक्षा नव्हे. पंखांची उचल नाहीशी होण्यापूर्वी वैमानिकाला सावध करणारे कोनदर्शक उपकरण अमेरिकेत हौशी लोक घरी बांधलेल्या विमानांत सहज बसवीत. प्रमाणित विमानांत मात्र मंजुरीचा खर्च आड येई. म्हणजे सुरक्षेच्या नियमानेच सुरक्षेचे साधन दूर ठेवले होते. तेथील विमान वाहतूक प्रशासनाने २०१४ मध्ये या उपकरणाची मंजुरी सुलभ केली, आणि २०१६ मध्ये अनिवार्य नसलेल्या पण सुरक्षा वाढविणाऱ्या उपकरणांसाठी वेगळे धोरण आणले. पंखाच्या बोल्टला मात्र अशी सवलत नाही, हे योग्यच.

केवळ कागदावर विसंबणेही पुरेसे नाही. लंडनच्या एका पुरवठादाराने प्रवासी विमानांच्या इंजिनांचे भाग खोट्या प्रमाणपत्रांसह विकल्याचे २०२३ मध्ये उघड झाले. कागद होता, सत्य नव्हते.

आपल्याकडेही नागरी विमान वाहतूक महासंचालनालय सुट्या भागाचे प्रमाणपत्र मागते, आणि ते मागावेच. पण कोणत्याही नियामकाने तीन गोष्टी पाळाव्यात, असे मला वाटते. जोखमीनुसार भागांची प्रतवारी करावी. प्रमाणपत्राची शहानिशा ते देणाऱ्याकडेच करावी. आणि पर्यायी भागाची परवानगी मागणाऱ्यास ठराविक मुदतीत होकार वा सकारण नकार द्यावा. विचारणाऱ्याला उत्तरच मिळत नसेल, तर पुढच्या वेळी तो विचारणार नाही. गुपचूप बसविलेला भाग मग कोणत्याच नोंदवहीत सापडत नाही.