एका आकड्यावर जिल्हा खोडू नका

उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर दरवर्षी एक सल्ला छापून येतो आणि दरवर्षी तो अधिक ठाम होत जातो. यंदाच्या सल्लागारांचं म्हणणं थोडक्यात असं: मार्च ते जून या काळात भारताचे दोनच भाग पडतात, सोसवणारा आणि न सोसवणारा. सोसवणाऱ्यात हिमाचल, उत्तराखंड, उटी, कोडाईकनाल आणि फार तर कोकणकिनारा. बाकीचा देश, विशेषतः विदर्भ, पाऊस पडेपर्यंत यादीतून वगळावा. गोंदिया जिल्हा तर त्यांनी उदाहरणादाखलच घेतला: पारा पंचेचाळिशीला टेकतो, रस्ते ओस पडतात, तिथे मे महिन्यात जाणं म्हणजे पैसे मोजून दुखणं विकत घेणं. इतक्या विविध देशाची आखणी इतक्या कमी विचारात उरकली जाते आणि वाचक ती प्रमाण मानतात, म्हणून तिचा समाचार घेणं भाग आहे.

या सल्ल्याचा सगळा डोलारा कमाल तापमान या एका आकड्यावर उभा आहे. हा आकडा दिवसातल्या एका क्षणाचा असतो. पारा साधारणपणे दुपारी अडीच-तीनच्या सुमारास तिथवर पोहोचतो, आणि तो मोजणारी तापमापी सावलीत, झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवलेली असते. म्हणजे भर उन्हात उभ्या राहिलेल्या माणसाला त्याहून जास्त सोसावं लागतं, तर पहाटे पाचला बाहेर पडणाऱ्याची त्या आकड्याशी गाठही पडत नाही. दुसरं म्हणजे हा आकडा हवेतल्या दमटपणाबद्दल काही बोलत नाही. शरीर थंड राहतं ते घाम वाळण्यामुळे. विदर्भात मे महिन्याच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर खोली गार करतो. तोच कूलर मुंबईत लावला तर खोली नुसती ओलसर होते. पस्तीस अंशांचा किनारा सुखाचा आणि चाळीस अंशांचं गोंदियाकडचं नागझिऱ्याचं जंगल जीवघेणं, असं सरसकट सांगणाऱ्यांनी हा साधा फरकही लक्षात घेतलेला नाही. तिसरं, आणि सर्वांत महत्त्वाचं: गोंदिया जिल्ह्यात लाखो माणसं राहतात आणि त्यांची वर्षातली मोठी कामं याच दिवसांत होतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला घरंच्या घरं पहाटे झाडाखाली असतात. एप्रिल-मेमध्ये तेंदूपत्ता तोडायला माणसं उजाडायच्या आत जंगलात शिरतात, ऊन चढायच्या आत परततात, दुपारी सावलीत बसून पुडे बांधतात आणि संध्याकाळी फडावर मोजून देतात. ही माणसं पाऱ्याचा आकडा पाहून जिल्हा सोडत नाहीत, घड्याळ बदलतात. सल्लागारांनी विचारायला हवं होतं ते यांना. त्यांनी विचारलं हवामानाच्या तक्त्याला, आणि त्यातलाही एकच रकाना वाचला.

आता त्यांच्या ‘सोसवणाऱ्या’ भागाकडे पाहू. 2018च्या मे-जूनमध्ये शिमल्यात पाण्याची अशी टंचाई झाली की पर्यटकांनी सध्या येऊ नये, असं तिथल्याच रहिवाशांना सांगावं लागलं. मे 2024पासून उटी आणि कोडाईकनालला जायला उच्च न्यायालयाच्या आदेशाने ई-पास घ्यावा लागू लागला, कारण तिथल्या रस्त्यांना गाड्या झेपेनाशा झाल्या होत्या. सगळ्या देशाला एकाच महिन्यात त्याच दहा-बारा गावांकडे धाडणाऱ्या सल्ल्याची ही फळं आहेत. सगळ्यांना एकच वेळापत्रक लावता येत नाही, हे महाराष्ट्रातल्या शाळांना ठाऊक आहे. राज्यात इतरत्र शाळा जूनच्या मध्याला उघडतात. ऊन पाहून विदर्भातल्या शाळा मात्र उशिरा उघडतात. जो फरक शाळेच्या घंटेला कळतो, तो प्रवासाचे बेत आखणाऱ्यांना अजून कळू नये, याची चीड येते.

बाकीचे आक्षेप किरकोळ आहेत. तिथे पोहोचायचं कसं? गोंदिया हे मुंबई-हावडा मार्गावरचं जंक्शन आहे. मुंबईहून विदर्भ एक्सप्रेस आणि कोल्हापूरहून महाराष्ट्र एक्सप्रेस थेट तिथवर जाते. पाहायला काही नाही? हे म्हणणाऱ्याने नकाशा उघडावा. उष्माघाताचा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो उडवून लावता येत नाही. कोरड्या हवेत घाम कळायच्या आत वाळतो, म्हणून शरीरातलं पाणी कमी झाल्याचं उशिरा लक्षात येतं. तान्ही मुलं, गरोदर बायका, म्हातारी आणि हृदयाचे दुखणेकरी यांना मेमध्ये इथे आणू नये. मैदानी प्रदेशात पारा पंचेचाळिशीला गेला की हवामान खातं उष्णतेची लाट मानतं. तसा इशारा आला तर बेत पुढे ढकलावा. पण यातून निघतो तो सावधगिरीचा नियम. जिल्हा वगळण्याचा नियम यातून निघत नाही.

मग बेत आखावा कसा? पाणी आणि घड्याळ यांच्या आधाराने. नागझिऱ्याचं जंगल पानगळीचं आहे. उन्हाळ्यात झाडी विरळ होते, ओढे आटतात आणि जनावरं उरलेल्या पाणवठ्यांवर येतात. 2013मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झालेल्या या रानात चोरखमारा किंवा मंगेझरीच्या फाटकातून पहाटे शिरणाऱ्याला जे दिसतं, ते पावसानंतरच्या दाट हिरवाईत दिसणं कठीण, आणि ऐन पावसाळ्यात तर गाभ्याचं क्षेत्र बंदच असतं. कोहळी समाजाने तलाव बांधून हा मुलूख धानाचा केला. त्यांतला नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव सकाळ-संध्याकाळ पाहावा. सारसांची वार्षिक गणना या जिल्ह्यात जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर होते, कारण तेव्हा हे पक्षी उरल्यासुरल्या पाण्यापाशी सापडतात. दहा ते पाच सावलीत काढावेत, पन्हं-ताक प्यावं, डोक्याला दुपट्टा बांधावा. आणि हाजरा धबधब्यासाठी मेमध्ये दरेकसा गाठू नये. तो पावसाळ्यासाठी राखावा. प्रत्येक जागेचा ऋतू वेगळा आणि प्रत्येक ऋतूतले तास वेगळे, एवढं ध्यानात ठेवलं की उन्हाळ्यातही देश हिंडता येतो. जो सल्ला हे शिकवत नाही आणि अख्ख्या जिल्ह्यावर फुली मारतो, तो वाचकाचं उन्हापासून रक्षण करत नाही. त्याला आपल्याच राज्याबद्दल अडाणी ठेवतो.